आठ नंबरचे हात

भरतीच्या दिवशी स्वतःचे हात शस्त्रागारात जमा करायचे आणि खात्याचे घ्यायचे, असा नियम होता. का, असं विचारायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

कारण तसं साधं होतं. पोलीस मुख्यालयात पूर्वी सात जातींच्या बंदुका होत्या. एकीची गोळी दुसरीत जायची नाही, एकीचा खटका मोडला तर दुसरीचा बसायचा नाही. मग सगळ्यांना एकच रायफल आली. एक गोळी, एक सुटा भाग, एक प्रशिक्षण. शेजारचा पडला तर त्याची उचलून चालवता यावी. पण हात साडेचारशे तऱ्हांचेच राहिले. कोणाचं बोट आखूड, कोणी डावखुरा. रायफली बदलायच्या तर पुन्हा निविदा काढावी लागली असती. म्हणून हात बदलले. सगळ्यांना एकच माप, आठ नंबर; बरणीच्या झाकणासारखे फिरवून बसणारे.

सुकेशनी वाघमारे डावखुरी होती. बी.एस्सी. झालेली, नोकरीला दोन वर्षं. आता तिचं अक्षर म्हणजे सगळ्या मुख्यालयाचं अक्षर. गेल्या महिन्यात कोठडीतल्या एका हमालाच्या गालावर पाच बोटं उमटली. ती साडेचारशे जणांशी तंतोतंत जुळली आणि चौकशी बंद झाली. त्या साडेचारशेंत सुकेशनीही होती. त्या दिवशी ती रजेवर होती.

सोमवारी फलकावर नोटीस लागली: जमा असलेल्या खासगी हातांचं शुक्रवारी निर्लेखन होईल. निर्लेखन म्हणजे भट्टी.

ती शस्त्रागारात गेली. फौजदार ढोबळे चहा पीत होते. समोर तिचे बाबा, जमादार वाघमारे, रायफलींवर तेलाचा बोळा फिरवत होते.

"साहेब, माझे हात द्या."

"तुझी संमती आलीय की, पोरी." ढोबळ्यांनी कागद पुढे सरकवला. "हा बघ अंगठा."

"मी दिला नाही."

"तुझाच आहे. ताडून बघ."

"तो सगळ्यांचाच आहे."

"मग? साडेचारशे संमत्या एका अंगठ्यात आल्या. केवढी सोय." ते बाबांकडे वळले. "वाघमारे, कॉलेजात घातलंत, आता भोगा."

"सुकेशनी, घरी बोलू," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षं माझेही तिथंच आहेत. मी कधी विचारलं?"

"नाही विचारलंत. मला लहानपणी खांद्यावर घेतलंत, तेही खात्याच्या हातांनी."

ती फडताळाशी गेली. तिच्या हातांशेजारीच बाबांचे होते. बाविसाव्या वर्षी जमा केलेले, अजून कोवळे, मनगटावर तिच्या आईचं नाव गोंदलेले. तिने दोन्ही जोड्या टेबलावर ठेवल्या.

"हात काढायला दुसरा माणूस लागतो," ढोबळे म्हणाले. "एक निघेल, दुसरा कोण काढणार? म्हणून तर मला इथं बसवलंय."

खात्याच्या उजव्याने तिने खात्याचा डावा फिरवून काढला आणि तिथं स्वतःचा डावा बसवला. मग स्वतःच्या डाव्याने खात्याचा उजवा काढला आणि स्वतःचा उजवा बसवला. ढोबळे उठलेसुद्धा नव्हते.

"खात्याचे हात जमा केले. परत घेणार नाही," तिने नोंदवहीत डाव्या हाताने लिहिलं. अक्षर कलतं आलं. "त्या हमालाची चौकशी उघडा, साहेब. माझ्यापासून सुरू करा."

खाली तिने अंगठा उठवला. ढोबळ्यांनी तो संमतीच्या कागदाशी ताडून पाहिला. मग बाबांनी पाहिला. तो जुळत नव्हता.

"भट्टी शुक्रवारी आहे, बाबा," ती म्हणाली.

ढोबळ्यांचा चहा निवला. बाबा टेबलावरच्या गोंदणाकडे बघत राहिले.