खेकड्याचं बीळ आणि चार चौकोन

गोकुळाष्टमीच्या सकाळी वडखळजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडलं. बीळ मनगटाएवढं होतं आणि त्यातून करंगळीएवढी धार भातशेतात पडत होती. अशा वेळी काय करायचं, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. बघणाऱ्याने बोंब ठोकायची, घरटी एकाने घमेलं घेऊन धावायचं, बांधाच्या पंचाने पहिलं ढेकूळ टाकायचं आणि मग बाकीच्यांनी चिखल दाबून भोक बुजवायचं. पंचाने हात लावल्याशिवाय बांधाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. या सगळ्याला कागद लागत नसे. आणि ज्याला कागद लागत नाही त्या पद्धतीत काहीतरी खोट असणारच, असं त्या वर्षीचे पंच हैबतराव यांचं नुकतंच मत झालं होतं.

या मताचं मूळ एका पुस्तकात होतं. हैबतरावांचा गुडघा सुजला तेव्हा भाचा जगन याने, कंपनीच्या प्रशिक्षणात फुकट मिळालेलं एक जाडजूड पुस्तक मामाला आणून दिलं. काम कसं करावं, निर्णय कसा घ्यावा, मुलं कशी वाढवावीत आणि मनाच्या जखमा कशा भराव्यात, हे सगळं त्यात एकाच लेखकाने सांगितलं होतं. हैबतरावांनी ते तीनदा वाचलं. पूर्वी राग आला की ते शिवी हासडत. आता डोळे मिटून दहा आकडे मोजत, आणि समोरचा माणूस घाबरून पाणी आणायला पळे.

बीळ पाहिलं ते केरूने. केरू खाडीकाठच्या वाडीतला मजूर; बांधाची नाडी त्याच्याइतकी कुणाला कळत नसे. तो धापा टाकत अंगणात आला.

"दादा, बांधाला भोक परलंय! किस्नाबायच्या शेतावर!"

कृष्णाबाई म्हणजे हैबतरावांची थोरली बहीण, जगनची आई. नवरा गेल्यापासून बांधाला लागून असलेलं तेवढं एकच शेत तिचं होतं. खारं पाणी एकदा शेतभर भरलं की तीन वर्षं त्या मातीत भात होत नाही.

"केवढं आहे?" हैबतरावांनी विचारलं.

"आज हात जाईल. पिठोरीच्या उधानाला म्हस जाईल."

हैबतरावांनी डोळे मिटून दहा आकडे मोजले. मग वहीवर चार चौकोन आखले. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, तातडीचं पण महत्त्वाचं नसलेलं, आणि दोन्ही नसलेलं. पाणी येत होतं, त्याअर्थी बीळ तातडीचं होतं. पण महत्त्वाचं होतं का? पुस्तकाच्या मते आपल्या जीवनध्येयाकडे नेणारी गोष्टच काय ती महत्त्वाची. हैबतरावांनी पहिल्या प्रकरणाखालच्या मोकळ्या ओळींत आपलं ध्येय लिहिलं होतं, 'जिल्ह्यातला आदर्श पंच होणे'. चिखल थापून कोणी आदर्श झाल्याचं ऐकिवात नव्हतं. बीळ तिसऱ्या चौकोनात गेलं. तिथल्या कामांबाबत पुस्तकाची आज्ञा स्पष्ट होती, ती दुसऱ्यावर सोपवावीत.

घमेली घेऊन जमलेल्या माणसांना त्यांनी परत पाठवलं.

"केरू, तू आज हे भोक बुजवशील. उद्या दुसरं पडलं तर?"

"त्येबी बुजवीन."

"याला धावपळीचं व्यसन म्हणतात," हैबतराव मायेने म्हणाले.

काम सोपवायचं ते सरकारच्या 'बांध-निगा उपविभागा'वर, म्हणून दोन दिवसांनी ते अर्ज घेऊन पेणला गेले. तिथले साहेब रोह्याला प्रशिक्षणाला गेल्याचं कळलं, तेव्हा सुजलेला गुडघा घेऊन ते गाडीत बसले. रोह्याआधीचं निडी स्टेशन गेलं तरी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही, कारण ते निर्णयाचं प्रकरण चौथ्यांदा वाचत होते. रोह्याच्या सभागृहात शिरताच मात्र त्यांचा ऊर भरून आला. साहेबांच्या मांडीवर तेच पुस्तक होतं.

साहेबांनी अर्ज मन लावून वाचला.

"बीळ बुजवणं आम्हाला अवघड नाही, हैबतराव. पण मुलांवरचं प्रकरण आठवा. मूल पडलं की लगेच उचलणारा बाप मुलाचं नुकसान करतो. सरकार म्हणजे बाप. आम्ही प्रत्येक भोक बुजवत बसलो तर गाव मोठं कधी होणार?"

हैबतरावांना हे इतकं पटलं की अर्जावर 'मदत नाकारून मदत करण्यात आली' असा शेरा पडला तेव्हा त्यांनी साहेबांचे आभार मानले.

गावात परतले तर कृष्णाबाई घमेल्यात चिखल भरून बांधाकडे निघालेली. धार आता मांडीएवढी जाड झाली होती.

"ताई, बांध गावाचा आहे. दुसऱ्याची जबाबदारी अशी अंगावर ओढून घेऊ नये."

"मेल्या, शेत माजं हाय! पयलं ढेकूळ टाक नि बाजूला हो."

"आधी शांत हो. श्वास घे."

"आये गेली तवा तू दोन वर्साचा व्हतास. रातंदिस रडायचास," कृष्णाबाई म्हणाली. "तवा मी बसून चौकोन काडले असते तर?"

हैबतरावांनी घाईने पुस्तकाची सूची चाळली. साहेब, सहकारी, ग्राहक, पती, पत्नी, अपत्य यांच्याशी कसं वागावं ते होतं. बहीण कुठेच नव्हती. मग त्यांनी तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि चिखल तिथेच ओतला.

पिठोरी अमावास्येला भरदुपारी उधाण आलं आणि बीळ पाहता पाहता दरवाजाएवढं झालं. पुस्तक टाकून हैबतरावांनी पहिलं ढेकूळ फेकलं ते तेव्हा. पाण्याने ते तळहातावरच्या साखरेसारखं चाटून नेलं. केरू छातीभर पाण्यात भोक अडवून उभा राहिला, माणसं धावली, पण आता उशीर झाला होता. संध्याकाळी कृष्णाबाईच्या पोटरीला लागणाऱ्या भातात बोईट मासे उड्या मारत होते.

उपविभाग मात्र यावेळी तत्परतेने आला. आठव्या दिवशी एक टेम्पो आला. त्यात माती नव्हती. खुर्च्या, कर्णा आणि रंगीत कागद होते. जखमा भरण्याचं शिबिर होतं. बाधितांनी आपलं दुःख कागदावर लिहावं, त्याची होडी करावी आणि ती पाण्यात सोडून द्यावी. पाण्याची सोय शेतातच झाली होती.

"बांध कदी घालनार?" कृष्णाबाईने विचारलं.

"आजी, आधी मन, मग माती," साहेब म्हणाले.

तिला लिहिता येत नव्हतं. तिने कोरी होडी सोडली. हजेरीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि वर छापलेलंच होतं, 'बाधित व्यक्ती सावरली'.

त्या दिवशी हैबतराव बहिणीच्या दारात गेले. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. आकडे न मोजता, श्वास न घेता ते ढसाढसा रडले. "ताई, चुकलो गो."

"चुकलास ते दिसतंय," ती म्हणाली. "तीन वर्सं काय खायाचं, तेवडं त्या पुस्तकात बग."

पुस्तकात ते नव्हतं. पण पुढच्या आवृत्तीत कृष्णाबाई होती. एका चौकटीत छापलं होतं की कोकणातल्या एका निरक्षर शेतकरी आजीचं सगळं गेलं, तरी कागदाची होडी सोडून ती हसली. मग तुम्ही का खचता? ती हसली नव्हती. पण मजकूर फार धीर देणारा होता. तो फिरत फिरत जगनच्या मोबाइलवर आला. जगनने आईला वाचून दाखवला.

"खाली ही लाल लाल चित्रं कसली रं?"

"बदाम हायेत. लोकांना तू आवडलीस. तीन हजार लोकांनी दिलेत."

कृष्णाबाईने मान वळवून शेताकडे बघितलं. बांध अजून उघडाच होता.

"तीन हजार," ती म्हणाली. "त्यातलं घमेलं घेऊन कोन कोन येतंय, तेवडं इचार."

जगन बदाम देणाऱ्यांचं एकेक नाव वर सरकवत वाचू लागला. त्यात तुमचंही होतं.