न सुटलेली मूठ

राहीबाईनं नवऱ्याचा डावा हात उपरण्यानं छातीशी आवळून बांधला, पाठीमागं दाव्याला मारतात तसली गाठ मारली आणि ताट पुढं सरकवलं.

"आता खा भाकर," ती म्हणाली.

सूर्यभाननं ताटाकडं पाहिलं. भाकरी होती, पिठलं होतं, बुक्कीनं फोडलेला कांदा होता. ते तोंडापर्यंत न्यायला मात्र कोणी नव्हतं. उजवा हात मांडीवर पाहुण्यासारखा स्वस्थ पडून होता. गेल्या दिवाळीत, म्हणजे सत्तर सालच्या, सूर्यभानच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाकडं झालेलं तोंड महिन्यात जागेवर आलं, पाय संक्रांतीपर्यंत चालायला लागला. हात तेवढा रुसून बसला तो बसलाच.

नगरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मार्थाबाई साळवे म्हणून होत्या. त्यांनी सांगितलं, की चांगला हात सगळी कामं उरकून टाकतो म्हणून दुसरा आळशी होतो. तेव्हा चांगला बांधून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला हलावंच लागेल. मूठ लवकर मिटायला लागेल, असंही त्या म्हणाल्या. उघडायला मात्र वेळ लागेल, तेव्हा घाबरायचं नाही. मग त्यांनी विचारलं, हा हात जन्मभर काय करत होता?

हा प्रश्न सूर्यभानला फार लागला. कारण तो हात तीस वर्षं घोडेगावच्या बैलबाजारात बोलत होता. बाजारात जनावराची किंमत तोंडानं सांगायची पद्धत नाही. दोघांनी हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून, पेरं दाबून भाव करायचा. बाहेर पिकपाण्याच्या गप्पा चालू असतात, आत घासाघीस चालते आणि शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. शेवटी समोरच्याची पाचही बोटं मुठीत घट्ट धरली, की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी तो फिरत नाही. सूर्यभान या कामातला नामी दलाल. आता त्याची लिंबाखालची जागा मच्छिंद्र दलाल सांभाळत होता आणि बाजार म्हणत होता, की सूर्यभानचा हात मुका झाला.

हे सगळं ऐकून मार्थाबाईंचे डोळे चमकले. "मग तेच करा," त्या म्हणाल्या. "रोज करा. खोटं खोटं चालेल, पण हाताला ते खरं वाटलं पाहिजे."

आता खोटा सौदा करायचा कुणाशी? बाजारातल्या माणसाला बोलवावं तर गावभर बोभाटा. राहिली राहीबाई. तीस वर्षांत कोणत्या बोटाचा काय अर्थ हे सूर्यभाननं तिला सांगितलं नव्हतं, आणि बाईचा हात रुमालाखाली गेल्याचं घोडेगावात कुणी ऐकलं नव्हतं. पण गरज मोठी होती. संध्याकाळी दार लोटून दोघं पडवीत बसू लागली. पंधरा दिवसांत राहीबाई बोटं शिकली. महिन्यानंतर ती अशी घासाघीस करू लागली, की सूर्यभान चिडून खोटा बैल खोट्या दावणीला परत बांधायचा. त्याची बोटं किंचित हलू लागली होती. पूर्ण मूठ मात्र एकदाही मिटली नव्हती.

ती मिटली चैत्रात, एका दुपारी, आणि नको त्या माणसाच्या हातात.

राहीबाई शेजारी पापड लाटायला गेली होती. जाताना नवऱ्याचा डावा हात बांधायला विसरली नव्हती. अशात वरच्या वस्तीवरचा श्रीमंत नावाचा एक जण तब्येतीची चौकशी करायला आला. श्रीमंत सरळ मनाचा शेतकरी. त्याच्यात एकच खोड, की सूर्यभानच्या दारातल्या तांबूवर त्याचा दोन वर्षांपासून डोळा होता. तांबू म्हणजे राहीबाईच्या माहेराहून, देवळाली प्रवऱ्याहून आलेल्या गाईची लेक. तिच्याबद्दल कुणी भाव विचारला तर राहीबाई पाण्यालासुद्धा विचारत नसे.

सूर्यभाननं व्यायामाची गोष्ट सांगितली आणि घटकाभर बसतोस का म्हणून विचारलं. श्रीमंत आनंदानं बसला. रुमाल टाकला.

"पर नाना, भाव करायचा कशाचा?" श्रीमंतनं विचारलं.

"समोर तांबू हाय, तिचा कर. डोळ्याम्होरं जनावर असलं म्हंजी हाताला खरं वाटतं."

श्रीमंतनं बोटं दाबली. सूर्यभानचं बोट हललं. श्रीमंतनं भाव वाढवला. सूर्यभानच्या दंडातून एक कळ निघाली, मनगटात उतरली आणि त्याची पाचही बोटं श्रीमंतच्या बोटांवर मिटली. अशी मिटली, की दिवाळीपासूनची सगळी कसर भरून निघाली. सूर्यभानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला ओरडून राहीबाईला हाक मारावीशी वाटली.

मग त्यानं मूठ उघडायला पाहिलं. ती उघडेना.

डावा हात मोकळा असता तर त्यानं एकेक बोट सोडवलं असतं. पण गाठ पाठीमागं होती आणि ती फक्त राहीबाईला सुटायची. तीस वर्षांचा दलाल, आपली मूठ आपल्याला सुटत नाही हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं पावसाचा विषय काढला. मग सुप्याकडच्या चाऱ्याचा काढला. श्रीमंत सगळ्याला मान डोलावत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भक्तिभाव पसरत होता. एवढ्या निश्चयानं धरलेला सौदा त्यानं कधी पाहिला नव्हता. अर्ध्या तासानं त्यानं आपला हात हळूच ओढून काढला, सूर्यभानच्या पाया पडला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी राहीबाई नळावर गेली असताना तो रुपये फडक्यात बांधून हजर झाला. फडकं कोनाड्यात ठेवलं आणि तांबूचं दावं सोडलं. सूर्यभान ओट्यावरून खाली आला, पण अडवणार कशानं? एक हात बांधलेला, दुसरा रुसलेला.

"आरं, त्यो व्यायाम हुता," तो कळवळून म्हणाला.

श्रीमंत थांबला. "नाना, म्या गाय सोडून जातो. पर मंग बाजारात सांगावं लागंल, सूर्यभान नानाच्या मुठीचा भरवसा न्हाई. सांगू का?"

सूर्यभान वाटेतून बाजूला झाला. तांबू एकदा हंबरली आणि श्रीमंतच्या मागं चालू लागली.

त्यानंतर घरात जे झालं ते थोडक्यात सांगितलेलं बरं. राहीबाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं रिकाम्या दावणीसमोर बसून दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. सूर्यभानला याचीच भीती वाटली. रात्रीत त्यानं ठरवलं, की बाजारात जायचं आणि हात मुका आहे हे चारचौघांत कबूल करायचं. मुक्या हाताचा सौदा सौदाच नव्हे. तांबू परत येईल. दलाली जाईल, तर जाऊ दे. एवढं ठरवल्यावर त्याला झोप मात्र लागली नाही.

बाजाराच्या दिवशी लिंबाखाली माणसं जमली. श्रीमंत तांबूला घेऊन आला होता. राहीबाई जरा मागं उभी राहिली. मच्छिंद्रनं दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि निवाडा सोपा आहे म्हणून सांगितलं. तो स्वतः रुमालाखाली हात घालणार. हात बोलला तर सौदा खरा, गाय श्रीमंतची. नाही बोलला तर गाय घरी, आणि सूर्यभाननं पुन्हा या झाडाखाली बसायचं नाही.

सूर्यभाननं हात दिला. पडून राहा, त्यानं हाताला मनातल्या मनात विनवलं. इतके महिने पडून राहिलास, आता घटकाभर राहा.

मच्छिंद्रनं समोरच्या खिलारी बैलाकडं पाहत एक भाव दाबला. हात गप्प. दुसरा दाबला. हात गप्प. मग मच्छिंद्रनं त्या उमद्या, दोनदाती तरण्या बैलाचा असा भाव दाबला, की जो मोडक्या शिंगाच्या म्हाताऱ्या बैलालाही लाज आणील. सूर्यभानच्या डोक्यानं काही ठरवायच्या आत त्याच्या करंगळीनं मच्छिंद्रचं पेर चिमटलं, मागोमाग दोन बोटं धरली आणि योग्य भाव ठणकावून सांगितला.

मच्छिंद्रनं रुमाल बाजूला केला. त्याचे डोळे भरून आले होते. "हात बोलतो," तो म्हणाला. "माझ्याहून बरा बोलतो. सौदा पक्का."

माणसांनी सूर्यभानच्या पाठीवर थापा मारल्या. जन्मात झाला नव्हता एवढा आनंद त्याला झाला होता आणि राहीबाईकडं बघायचं धाडस होत नव्हतं. शेवटी त्यानं बघितलं, तर ती जागेवर नव्हती.

ती श्रीमंतसमोर उभी होती. "गाय इकायची का?" तिनं विचारलं.

"न्हाई बा नानी. कालपरवाच तर घेतली."

"ह्यो बाजार हाय. इकायची नसंल तर दावं धरून हितं उभा कशाला?" असं म्हणून तिनं मच्छिंद्रच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि हात पुढं केला.

श्रीमंतनं मच्छिंद्रकडं पाहिलं. मच्छिंद्रनं आभाळाकडं पाहिलं. बाईनं हात घालू नये असा नियम कुणी केलेला नव्हता, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. श्रीमंतनं कसाबसा हात दिला. रुमालाखालून बांगड्यांची किणकिण ऐकू येऊ लागली. राहीबाई शांतपणे त्याच्या आईची तब्येत विचारत होती. श्रीमंतला मात्र घाम फुटला. एकदा तो "अवं नानी" एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं किणकिण थांबली. राहीबाईनं पाचही बोटं मिटली होती. तिनं कमरेला खोचलेलं त्याचंच रुपयांचं फडकं सोडून त्याच्या हाती दिलं, त्यानं त्यातले बरेच रुपये काढून तिला परत दिले आणि दावं तिच्या खांद्यावर ठेवलं.

घरी जाताना पुढं तांबू, मागं ही दोघं. शेवटी सूर्यभानला राहवेना.

"कितीला घेतली?"

"दलालानं तिसऱ्याला सांगायचं नसतं. तुमीच शिकिवलं."

"म्या तिसरा हाय व्हय?"

राहीबाईनं मागंपुढं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तिनं नवऱ्याचा उजवा हात पदराखाली घेतला आणि एकेक बोट धरून, एकेक पेर दाबून भाव सांगितला. सूर्यभानला प्रत्येक पेर कळलं. त्यानं विकली होती त्याहून बऱ्याच कमी भावात ती गाय परत घेऊन आली होती. त्यानं तिची पाचही बोटं मुठीत घट्ट धरली.

बरंच अंतर गेल्यावर राहीबाई म्हणाली, "सोडा आता. वस्ती आली."

"सुटंना," सूर्यभान म्हणाला.

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग डावा हात बांधलेला आहे ना, एवढी खात्री करून घेतली आणि तशीच चालत राहिली.