हाजी वहदान यांचा रिकामा खण

नशवाने हाजी वहदान यांना मारलं ते अगदी चांगल्या हेतूने.

शुब्रा नावाच्या दाट वस्तीत गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्यांसाठी ती एक संकेतस्थळ चालवायची. कुणीही प्रश्न टाकावा, जाणत्यांनी उत्तर द्यावं. अलीकडे मात्र प्रश्नांचा ढीग साचला होता आणि जाणते गायब होते. म्हणून तिने गप्प झालेले सभासद हुडकायचं ठरवलं. पहिला मान अर्थातच हाजींचा. वर्षभर त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिने त्यांची जुनी उत्तरं शोधून एकाखाली एक लावली, वर त्यांचा फोटो दिला. फोटोतली गुलाबी भिंत डोळ्यांत खुपत होती, म्हणून तो काळापांढरा केला. खाली लिहिलं, ‘हाजी, तुमची उणीव भासते.’

ती चहा करून येईपर्यंत लोक रडायला लागले होते. अल्लाह त्यांना जन्नत देवो, असा माणूस होणे नाही, वगैरे. कुणी हाजींच्या नावाने रस्त्यावर थंड पाण्याचा कूलर बसवायला निघाला. दूरच्या तंता शहरातल्या एका गृहस्थाने शोक आवरून विचारलं, की त्यांची काळी जोडी आता कोणाकडे जाणार?

नशवाने घाबरून हाजींना फोन लावला. "काका, जिवंत आहे म्हणून एक ओळ टाका ना."

"थांब गं पोरी, वाचू दे. इतकं चांगलं मला बायकोसुद्धा कधी बोलली नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "फिकरीने काय लिहिलंय?"

फिकरी हाही तिथलाच एक सभासद; त्याने काहीच लिहिलं नव्हतं. आणि हाजी रुसले होते ते त्याच्यामुळेच. भरकटलेला नर परत कसा आणावा, या प्रश्नावर हाजींनी उत्तर दिलं होतं: शिट्ट्या मारू नका, झेंडा हलवू नका. ढाबळीतल्या त्याच्या खणात दुसरा नर बसवा, तो भांडायला आपणहून उतरेल. फिकरीने याची इतकी टर उडवली, की सगळे त्याच्याबरोबर हसले. हाजी उठून गेले ते गेलेच.

"तो चूक कबूल करत नाही तोवर मी मेलेलाच," हाजी म्हणाले आणि त्यांनी तिला गप्प राहण्याची शपथ घातली. नशवाची पंचाईत झाली. खरं सांगावं तर हाजी कायमचे तुटणार, न सांगावं तर तिकडे कूलर बसणार. आणि हाजी तिला मनापासून परत हवे होते.

दुसऱ्या दिवशी ती फिकरीच्या दुकानात गेली. तो गाड्यांच्या गाद्या शिवायचा. हाजींसाठी दोन चांगले शब्द लिहा, एवढंच ती म्हणाली.

फिकरीने सुई बाजूला ठेवली. "काल संध्याकाळी हाजींच्या गच्चीवरून थवा उडाला. थवा फिरवायला खाली झेंडा कोण हलवत होतं?"

नशवा जमिनीकडे बघत राहिली. शपथ मोडली नाही, पण खोटंही बोलवेना.

"बरं," फिकरी म्हणाला, "लिहितो."

आणि त्याने लिहिलं. पिल्लांच्या खाण्याबद्दल हाजींचं एक जुनं उत्तर होतं, त्याच्याखाली: ‘हाजींची जागा यापुढे मी सांभाळेन. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की लगेच कोरडे चणे भरवावेत.’

नशवा ते वाचून कपाळाला हात लावते न लावते तोच खाली उत्तर उमटलं, हाजींच्याच नावाने. ‘अरे गाढवा, मारशील पिल्लाला. पहिले काही दिवस आईबापच त्याला आपल्या घशातून दुधासारखं पातळ भरवतात. चणे म्हणे.’

मेलेल्या माणसाला काय म्हणायचं ते कुणाला सुचेना. मग फिकरीने लिहिलं, ‘या हाजी. शिट्टी मारली नाही, झेंडा हलवला नाही. उपाय तुमचाच. तेव्हा मीच चुकलो होतो.’

लगेच नशवाचा फोन वाजला.

"पोरी, हा माफी मागतोय की मला कबूतर म्हणतोय?"

"दोन्ही, काका."

हाजींना रागवायचं होतं, पण रागावले तर आपलाच उपाय चुकला म्हणावं लागणार होतं.

"कूलरचं काय झालं?"

"बसला. तुमच्याच नावाने."

"असू दे. पाणी प्यायला येईन तिकडे." फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि त्या फिकरीला सांग, माझ्या खणातून ऊठ म्हणावं. मला वर्षभराची उत्तरं लिहायची आहेत."