आटणी झालेला बंगला

नवंकोरं घर राहायला जायच्या आधीच फोडणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या समोरचे वसंतअण्णा. रंगारी शिडी घेऊन गेला, आम्ही म्हटलं, सुटलो बाबा धुळीतून. तर दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचे दणके सुरू. दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या सदऱ्याला विटांची लाली चढलेली बघून मी तावातावानं गेलो. अण्णा पाडलेल्या खिडकीपुढं खुर्ची टाकून चहा पीत होते.

"या सर. खिडकी चुकली हुती."

"कधी कळलं?"

"फोडल्यावर. आटवल्याबिगर काय कळतंय व्हय?"

हे त्यांचं पालुपद. अण्णा विट्याचे गलाईवाले. उभा जन्म कोइमतूरला सोन्याच्या आटणीत गेला. दागिना कितीही चमकू दे, मुशीत वितळवल्याशिवाय त्याचा भरवसा धरायचा नाही, हा धंद्याचा नियम. तो त्यांनी दागिन्यापुरता ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण अण्णा चांगला चालणारा मिक्सरही उघडून बघतात. मग तो चालत नाही.

कोइमतूरला दुकानावरच्या माळ्यावर झोपायची सवय, त्यामुळं नव्या बेडरूमचं छत त्यांना फारच लांब वाटलं. "माळावर झोपल्यागत वाटतंय," म्हणून आत लाकडी माळा ठोकून घेतला, शिडीसकट. त्यांच्या बायकोनं, सुमनकाकींनी, तो बघितला मात्र. "मी काय कोंबडी हाय व्हय, शिडी चढून बसायला?" संध्याकाळी माळा उतरला. गवंडी बाबूराव मला हळूच म्हणाला, "असं गिऱ्हाईक देवानं समद्यास्नी द्यावं."

हसत होतो आम्ही सगळे. पण वास्तुशांत चार दिवसांवर आली आणि सुमनकाकी आमच्या दारात उभ्या राहिल्या. कोइमतूर, गुवाहाटी, कुठून कुठून त्यांचे गलाईवाले पाहुणे रिझर्वेशन करून निघालेले.

"आवं सर, सैपाकघराची भित पाडाय काढलीया. तुमी तरी सांगा. पाव्हण्यांस्नी काय ढिगाऱ्यावर बसवू?"

मी म्हटलं, सांगतो. तरी त्या हलेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ह्येंचं मनच लागंना हितं. सारखं काय तर खोट काढत्यात. परत जायचं आसंल तिकडं."

त्यांचे डोळे भरून आले. सासू-सासरे, शेत, पोरांची लग्नं, सगळं या बाईनं एकटीनं केलं होतं. अण्णा यायचे ते जत्रेला आणि दिवाळीला. मला खरंच राग आला. आज अण्णांना फैलावर घ्यायचंच, असं ठरवून मी गेलो.

त्यांनी तोंड उघडू दिलं तर ना! "बरं झालं आला. हितं सैपाकाच्या वट्यापाशी हुबं ऱ्हावा आन बोला."

"काय बोलू?"

"काय बी. पाढं म्हना."

ते बेडरूममध्ये गेले. मी बावीसचा पाढा सुरू केला. "न्हाई येत!" आतून आवाज आला. मग ते बाहेरच्या खोलीतल्या झोपाळ्यावर बसले. "आर्धवट येतंय!" बाबूराव घण टेकवून माझा पाढा ऐकत होता. एकोणपन्नास वर्षांच्या मास्तरची अशी तोंडी परीक्षा कुणी घेतली नसेल.

"अण्णा, पुरे," मी ओरडलोच. "काय ऐकायचंय तुम्हाला?"

अण्णा आले, सिमेंटच्या पोत्यावर बसले.

"तिचं," ते म्हणाले. "उमर गेली सर, फोनवर ऐकन्यात. तिकडं दुकानात गलका, हिकडं रेंज न्हाई. आर्धं ऐकू यायचं, आर्ध्याला मी नुसतं व्हय व्हय म्हनायचो. काय काय सांगितलं आसंल तिनं, देवाला ठाव. आता हितं आलो आन ह्या भितीनं आडवलं, तर घर बांधून काय उपेग?"

मी बाबूरावकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता.

"पिलरला धक्का नाही ना?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग पाड बाबा लवकर."

काकींना मी एवढंच सांगितलं, की अण्णा आता कुठंही जात नाहीत, तुम्ही खुशाल पुरणाची डाळ भिजत घाला. वास्तुशांत ओल्या गिलाव्यातच झाली. गुवाहाटीच्या पाहुणीच्या भारी साडीला सिमेंट लागलं, तर अण्णा म्हणाले, "वाळल्यावर झटका, जातंय."

परवा त्यांच्याकडं चहाला गेलो. अण्णा झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेले. आतून काकींचं चाललं होतं. भावकीतलं लग्न, दुधातलं पाणी, मोटारीचा फ्यूज, एकातून दुसरं. शब्द न शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"आवं, फ्यूजचं काय केलं? ऐकलं का?" काकींनी विचारलं.

अण्णा गप्प. काकींचा आवाज चढला. "आवं, ऐकू येत न्हाई व्हय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा वाईच," ते कुजबुजले. "परत पयल्यापास्नं सांगंल."