भुईगावात गरीब मिळेना

"माझ्या भावाला बोलवायचं नाही?" सालोमीबाईंच्या हातातला पळा हवेतच राहिला.

"नाही," फ्रेडरिक मास्तर म्हणाले. "भाऊ नको, नातलग नको, श्रीमंत शेजारी नको. मी नाही म्हणत, बायबलात लूक म्हणतो. अध्याय चौदावा."

"पंचवीस वर्षं लूकच्या लग्नाला झाली की आपल्या?"

मास्तर भुईगावच्या शाळेत शिकवत. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर आजूबाजूची मंडळी शुभवर्तमानाच्या अभ्यासाला जमत. म्हणजे मास्तर अभ्यास करत आणि मंडळी चहाची वाट पाहत. या गुरुवारी वचन निघालं होतं की मेजवानी देशील तेव्हा गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. मंडळी "वा!" म्हणाली आणि तिने कप उचलले. मास्तरांच्या मात्र ते काळजात जाऊन बसलं. वाचलं की करायचं, नाहीतर वाचायचं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

शनिवारी शाळा सुटताच ते सायकल काढून आमंत्रणं करायला निघाले. पहिला पास्कल. माडावरून पडल्यापासून तो एका पायाने जरा लंगडत असे. त्या वेळी तो केळीला पाणी सोडत होता.

"पास्कल, उद्या दुपारी जेवायला ये. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली."

"अरे वा! येतो की. आणखी कोणकोण आहे?"

मास्तरांनी इथे विषय बदलायला हवा होता. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. "गरीब, लंगडे आणि आंधळे," ते म्हणाले.

पास्कलने फावडं खाली ठेवलं. "यातला मी कोणता?"

मास्तरांची नजर नको तिथे गेली.

"हा पाय? या पायाने मी अजून माडावर चढतो, मास्तर!" असं म्हणून तो समोरच्या माडावर सरसर चढलासुद्धा. वरून त्याने आणखी बरंच सुनावलं, पण वाऱ्यामुळे ते मास्तरांना नीट ऐकू आलं नाही.

क्लेमेंटीन आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या तर काठी घेऊन उठल्या. "आंधळी? मी? तुझा हा हिरवा शर्ट मला दिसत नाही का रे?"

शर्ट पांढरा होता. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच सत्य गिळलं आणि सायकल वळवली.

राहिली मॅग्डलीन. पाचूबंदरहून पाटी घेऊन दारोदार मासळी विकायला येणारी एकटी बाई. ती वडाखाली टेकली होती.

"गरीब? कोन गरीब?" तिचा आवाज चर्चपर्यंत गेला. "तुमी म्हयनाभर पगाराची वाट बघता. मी कुनाची वाट बघत नाय! गरीब कोन त्ये आदी ठरवा. आजपासनं तुमच्या दारात माजी पाटी उतरनार नाय. घोटभर पानीसुदा पिनार नाय तुमच्या घरचं!"

रात्रीपर्यंत गावभर झालं. राजोडीला सालोमीबाईंच्या भावापर्यंत, व्हिन्सेंटपर्यंत, बातमी पोहोचली तेव्हा तिला वेगळंच वळण लागलं होतं. मास्तर कंगाल झाले, नातेवाइकांना जेवू घालायची ऐपत उरली नाही, म्हणून गरिबांच्या पंगतीचं निमित्त काढलंय.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मास्तरांशी कुणी बोललं नाही. घरी डुकराच्या मटणाचं मोठं पातेलं चुलीवर रटरटत होतं.

"आता हे कोण खाणार?" सालोमीबाईंनी विचारलं. "लूक?"

तेवढ्यात ओटीवर काहीतरी धपकन आदळलं. माणसाच्या उंचीचा केळ्यांचा घड, आणि मागे घामाघूम पास्कल.

"घ्या. लंगड्याकडून."

पाठोपाठ क्लेमेंटीन आजी आल्या. काखेत जिवंत कोंबडा. "घे मास्तर! म्हणे मला दिसत नाही!" असं म्हणून त्यांनी तो पास्कलच्या हातात कोंबला. मग मॅग्डलीनने पाटीभर पापलेटं ओटीवर ओतली. "गरिबाची हायेत. मोजून घेऊ नका."

शेवटी टांगा थांबला. व्हिन्सेंटने तांदळाचं पोतं उतरवलं आणि मास्तरांना मिठी मारून तो रडायलाच लागला. "दाजी, एवढे वाईट दिवस आले आणि मला परक्याकडून कळावं?"

देऊन झाल्यावर बाकीचे तिघे ताठ मानेने निघाले. सालोमीबाईंनी फक्त पातेल्यावरचं झाकण उचललं.

पास्कल पायरीवर थांबला. त्याने हवेत नाक वर केलं. "जरा टेकतो," तो म्हणाला. "पाय दुखतोय."

मग मॅग्डलीनला तहान लागली. आजींना एकाएकी वाट दिसेना. व्हिन्सेंट तर घरचाच. पाहता पाहता पंगत बसली. पास्कलच्या हातून कोंबडा सुटला आणि पानांवरून उड्या मारत गेला, त्याला धरायला सगळे धावले, आजी भलत्याच दिशेला. मॅग्डलीन हसून हसून आडवी झाली.

मास्तर मात्र कोपऱ्यात शुभवर्तमान उघडून सुतकी चेहऱ्याने बसले होते.

"आता काय झालं?" सालोमीबाईंनी विचारलं.

"पुढची ओळ वाच. गरिबांना बोलाव, कारण तुझी फेड करायला त्यांच्यापाशी काही नसतं. फेड तुला स्वर्गात मिळेल." मास्तरांनी केळी, पापलेटं, पोतं यांच्याकडे हताशपणे हात केला. "यांनी तर जेवायच्या आधीच फेडलं, सालोमी! वर स्वर्गात माझ्या नावावर काय राहिलं?"

इतक्यात रस्त्यावरून चर्चचे नवे धाकटे फादर सायकलवरून चालले होते. गलका ऐकून ते थांबले. पास्कलने त्यांना ओढून पानावर बसवलं. फादर तल्लीन होऊन जेवले. हात धुताना त्यांना संकोच वाटू लागला.

"मास्तर, माफ करा. न बोलावता आलो, तेही रिकाम्या हातांनी. आणि तुम्हाला उलट जेवायला बोलवावं म्हटलं, तर आमच्या स्वयंपाक्याच्या हातचं मी शत्रूलाही वाढणार नाही."

मास्तर ताडकन उभे राहिले. "म्हणजे फेड होणार नाही? कधीच?"

"कधीच नाही," फादर खाली मान घालून म्हणाले.

मास्तरांनी त्यांचे ओले हात धरून त्यांना पुन्हा पानावर बसवलं.

"सालोमी, मटण आण! चांगले मोठे तुकडे बघून आण!"