रोझलीनबाईंची नर्सिंग कॉलेजावरील स्वारी

दर्या समर्थ. वडिलांचे पुण्येकरून आणि भरतीओहोटीच्या साक्षीने लिहिण्यात येते ऐसे की, इसवी सन दोन हजार पंचवीस, नारळी पौर्णिमेचे सुमारास, वसई प्रांती, किनारा अर्नाळा येथील कन्या पॉलिनबाई, उमर अठरा, यांणी नर्स होण्याचा मनसुबा धरिला, आणि त्याकारणे जे रण माजले आणि अखेर जी फत्ते जाहली, ती हकीगत यथास्थित लिहिली आहे. वाचणाराने पोटभर हसावे, परंतु कोणास उणे मानू नये.

मनसुबा आजचा नव्हे. बाई सहावीत असता आजी अंथरुणास खिळली, आणि तिचे अंग पुसणे, कूस बदलणे, औषधाचा वक्त सांभाळणे ही अवघी कामगिरी बाईंनी एकहाती केली, आणि जाता जाता आजीने "तुझा हात हलका हाय गो पोरी" ऐसी सनद दिली. त्या सनदेच्या जोरावर बाईंनी प्रवेशपरीक्षेचा गड सर केला, आणि यादीत नाव लागले ते आगाशीच्या वाटेवरील विश्वस्तांच्या जुन्या इस्पितळास जोडिलेल्या कॉलेजी. फी तेथे इतुकी थोडकी की ऐकणाराने दुसऱ्यांदा विचारावे. मुदत शुक्रवार सायंकाळी पाच. ती चुकता जागा दुसरीची.

येथेच घोडे अडले. कारण मातोश्री, वज्रचुडेमंडित रोझलीनबाई, आगाशी बाजारात पंचवीस वर्षे पाटीपुढे ठाण मांडून बसलेल्या मासळीच्या सरदार, यांचा कायदा ऐसा की, जो माल स्वस्त तो शिळा. सकाळचा ताठ पापलेट संध्याकाळी पडत्या भावाने का जातो, हे त्यांस कोणी शिकवावे? फी थोडकी, त्या अर्थी कॉलेज नरमले, हा निवाडा घरबसल्या जाहला. त्यात आचोळ्याहून संकेतराव नामे प्रवेशाचे वकील दाखल जाहले, आणि त्यांणी चकचकीत कागद पसरून हमरस्त्यालगतच्या एका नव्या कॉलेजाची ऐसी तारीफ गायिली की मातोश्रींचे डोळे दिपले. मग फीचा आकडा निघाला. तो ऐकोन पिताजी ऑगस्टीनराव यांणी दारातून आपली होडी 'स्टेला' हिजकडे पाहिले, आणि बहुत वेळ पाहातच राहिले. हंगाम नुकता उघडला होता, होडीचा नवा रंग ओला होता. फीपायी होडी विकली म्हणजे बाबा उद्यापासून परक्याच्या होडीवर खलाशी, हे पॉलिनबाईंस कोणी सांगावे लागले नाही.

गुरुवारी नव्या कॉलेजावर कूच जाहले. मातोश्रींचा हुकूम सुटला की पहाटेच निघावे, कारण भवानीचे, म्हणजे दिवसाचे पहिले गिऱ्हाईक कोणी रिकामे धाडीत नाही आणि जो तो भावही पाडून देतो. त्याप्रमाणे मातोश्री, पिताजी, पॉलिनबाई आणि नजराण्याची सुक्या बोंबलांची पिशवी, ऐसा सरंजाम एका रिक्षात कोंबून साडेसहास वेशीवर हजर जाहला. पहारेकरी दात घाशीत होता. दफ्तर उघडावयास दहा वाजले, तोवर पिशवी उन्हात चांगलीच जागी जाहली.

मग कॉलेजाच्या मुख्य साहेबांच्या थंडगार दालनात दाखल होऊन मातोश्रींनी नजराणा मेजावर ठेविला आणि फर्माविले की, "भवानी हाय, शेवटचं बोल, काय घेशील?" साहेबांस प्रश्न समजेना. इतुक्यात थंड यंत्राने बोंबलांचा दरवळ खोलोखोली पोहोचविला, कारकून नाकास रुमाल लावून पळू लागले, आणि त्या धुमाळीत मातोश्रींनी निम्म्या भावास मागणी घातली. साहेब म्हणाले, फी ठरीव आहे, इमारतीचे व गणवेशाचे पैसे निराळे. तेव्हा मातोश्रींनी गिऱ्हाइकांकडून शिकलेला जुना डाव टाकिला, ताडकन उठोन चालू लागल्या, आणि दहा पावलांवर हाकेची वाट पाहात थांबल्या. हाक आली नाही. पिताजींनी पिशवी तेवढी परत आणिली.

पॉलिनबाई लाजेने अर्ध्या होऊन बाजूच्या दालनात शिरल्या, तो तेथे बारा खाटा, शुभ्र चादरी, आणि खाटोखाटी रबरी बाहुल्या निजविलेल्या. इस्पितळ कोठे म्हणोन पुसता, पुढल्या साली बांधणार, ऐसा जबाब मिळाला. बाईंनी एका बाहुलीचा हात हाती धरिला. तो थंड होता, आणि उलट बाईंचा हात धरीना. बाईंस आजीच्या बोटांची याद आली, आणि जी पोर आईपुढे कधी वर बोलली नव्हती ती बाहेर येऊन म्हणाली, "आये, हितं आजारी मानूसच नाय. मी शिकू कोनाजवळ? होडी विकायची नाय. स्वस्त हाय ते कॉलेज तू सोता बघ. तुला नाय पटलं, तर मी पाटी घेऊन तुझ्या बाजूला बसते." मातोश्रींनी लेकीस आपादमस्तक न्याहाळिले, रिक्षास हाक मारिली, आणि "उद्या बाजार आटपला की बघते" ऐसे फर्माविले.

शुक्रवारी बाजार आटपून, दुपारी तीनास, खासा स्वारी जुन्या इस्पितळावर चालोन गेली. भिंतीचा रंग उडालेला पाहून मातोश्रींनी नाक मुरडिले, आणि मग मासळी पारखतात तैसी पारख आरंभिली. प्रथम वास घेतला. फिनेलचा होता, खरा होता. मग जैसे कल्ले उचलून आतला लाल रंग पाहावा, तैसे न पुसता मोरीचे दार उघडिले, खाटेखाली वाकल्या, चादर उलटी केली. मेट्रन मनोरमाबाई मागोमाग धावत आल्या, त्यांचेही डोळे निरखून पाहिले. दमलेले होते, पण स्वच्छ. खाटोखाटी जित्ती माणसे. एका खाटेवर सातपाटीची म्हातारी कण्हत होती आणि एक शिकाऊ पोर तिची कूस बदलीत होती. पाठीखाली हात नीट जाईना, तो पॉलिनबाई आपसूक पुढे जाहल्या, दोघींनी मिळोन म्हातारीस वळविले, आणि म्हातारी "बरं वाटलं" म्हणाली. मातोश्री दाराशी उभ्या राहोन हे पाहात होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माल ताजा हाय."

पाचास वीस मिनिटे उरता फीच्या खिडकीशी मोर्चा लागला. कारकुनाने आकडा सांगितला. पिताजींनी छताकडे पाहिले, आणि पॉलिनबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले की आता निम्म्या भावाचा तोफगोळा सुटणार. परंतु मातोश्रींनी कमरेची पिशवी सोडिली, सांगितले तितुके नगद मोजोन खिडकीत सरकविले, आणि पावती मागितली. कॉलेजाबाहेर पडोन पॉलिनबाईंनी पुसले, "आये, कमी कर नाय बोललीस?" मातोश्री म्हणाल्या, "तुझ्या धंद्याची भवानी हाय ती. आपल्याच पोरीच्या भवानीत कोन भाव करतं?" आणि पदराने तोंड पुसू लागल्या, डोळ्यांसकट.

येणेप्रमाणे पाच वाजण्यास नऊ मिनिटे असता पॉलिनबाईंचे नाव दफ्तरी चढले, शिक्का उठला, आणि अर्नाळ्यास पेढे व तळलेले बोंबील वाटण्यात आले. दुसरे दिवशी पहाटे 'स्टेला' पिताजींसह दर्यात गेली. पॉलिनबाई किनाऱ्यावर उभ्या होत्या, आणि शिक्क्याची पावती त्यांणी वाऱ्याने उडू नये म्हणोन दोन्ही हातांनी धरिली होती.