दोन मैलांवरून दिसणारे दिवे

टॉर्च! बावीस वर्षं सरकारी खिडकीमागे इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाला दुकानदार तोंडावर सांगतो, "साहेब, बारा फुटी होडीला टॉर्च पुरेल."

मी गेलो होतो माझ्या शिडाच्या होडीसाठी एलईडी दिवे घ्यायला. अंधारात होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि पाठीमागे पांढरा दिवा लागतो, म्हणजे दुरून बघणाऱ्याला होडी येतेय की जातेय ते कळतं. साधी गोष्ट आहे. (असं मी तेव्हा म्हणत होतो.)

"दोन मैलांवरून दिसणारा दाखवा," मी म्हणालो.

"तुमची होडी दोन मैल जाते?"

"जाण्याचा प्रश्न नाही, दिसण्याचा आहे!"

त्याने एक डबी पुढे सरकवली. "मग हा घ्या. लाल-हिरवा एकाच डबीत. पुढच्या टोकावर बसवला की झालं. उलटसुलट व्हायची भीती नाही."

"आम्ही उलटसुलट करणारे दिसतो का?"

त्याने ती डबी माझ्याकडे आणखी थोडी सरकवली. मग मीही इरेला पेटलो आणि लाल-हिरवे दोन वेगवेगळे, दुकानातले सगळ्यात प्रखर दिवे उचलले. मागचा पांढरा बरोबर घेतला.

घाई होती, कारण होडी तीन महिने आमच्या व्हरांड्यात होती. कपडे वाळत घालायला बायकोला रोज होडीत चढून पलीकडे उतरावं लागे. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं, "शनिवारी बंदर निरीक्षकांनी परवाना दिला तर ठीक. नाहीतर रविवारी होडी विकायची." उभ्या आयुष्यात मी ही एकच वस्तू स्वतःच्या हौसेने घेतली आहे. बाकी सगळं, चष्म्याच्या काड्यांसकट, तिच्या पसंतीचं. होडी चालवायच्या शिकवणीलासुद्धा ती दर रविवारी माझ्याबरोबर यायची. नुसती सोबत म्हणून, असं ती म्हणे.

शुक्रवारी रजा टाकून मी दिवे बसवायला घेतले. आता, माझ्या नोकरीत लोक खिडकीपलीकडे, माझ्याकडे तोंड करून उभे असतात. त्यांना 'उजवीकडे सही करा' म्हणताना बोट माझ्या डावीकडे दाखवायचं, हे माझ्या हाडीमाशी भिनलंय. होडीत बसलो, पुढे तोंड केलं, माहितीपत्रक उघडलं. 'लाल डावीकडे.' माझा हात सराईतपणे उजवीकडे गेला.

"अहो," वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावता लावता बायको म्हणाली, "डावी म्हणजे नक्की कोणाची डावी धरलीत?"

"ज्याची असते त्याची!" मी तडकलो. माणूस कामात असताना असले प्रश्न विचारायचे असतात का?

शनिवारी सूर्य बुडाल्यावर परीक्षा सुरू झाली. दूरच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून धक्क्याला परत यायचं, एवढंच. सुकाणू माझ्या हातात, बायको शेजारी, दिवे असे झगमगत होते की मला स्वतःचाच हेवा वाटला. वळसा झकास झाला. परतताना निरीक्षकांची लाँच समोर होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि निवांतपणे लाँच आडवी घातली.

आडवी! आमच्या वाटेत!

"अहो, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"तुम्ही येताय?" निरीक्षक किंचाळले. "लाल दिवा माझ्या डावीकडे दिसतोय, म्हणजे जाताय! मागे घ्या, मागे घ्या!"

"शिडाच्या होडीला रिव्हर्स नसतो, साहेब!"

एवढं बरोबर उत्तर देऊनही (याची कोणी नोंद घेतली नाही) मला सुकाणू सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकावे लागले. बायकोने मला कोपराने ढकललं, सुकाणू फिरवलं, शिडाचा दोर सैल सोडला. होडी लाँचच्या वीतभर अंतरावरून गेली आणि अलगद धक्क्याला लागली.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. "कोणाची डावी, हे नियमात कुठे लिहिलंय?"

"होडीची डावी," मागोमाग धक्क्यावर उतरलेले निरीक्षक म्हणाले.

"होडीला हात असतात का?"

तोवर बायकोने पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढून लाल-हिरव्याची अदलाबदल केलीसुद्धा.

"हा कुठून आणलास?" मी विचारलं.

"कालच ठेवला होता," ती म्हणाली. कालच! म्हणजे आदल्या दिवशीच हिचा माझ्यावरचा विश्वास संपलेला होता, आणि मी बिचारा होडीत ताठ बसून मिरवत होतो.

निरीक्षकांनी तिला एकटीला पुन्हा फेरी मारायला लावली. ती गेली, वळली, आली. कोणी ओरडलं नाही, कोणी किंचाळलं नाही. अगदीच बेचव फेरी. त्यांनी तिथल्या तिथे परवाना लिहून दिला.

होडी वाचली. मला खरंच आनंद झाला, डोळे भरून आले. मग डोळे पुसून परवाना वाचला. चालकाच्या रकान्यात बायकोचं नाव होतं.

"आणि मी?" मी विचारलं.

निरीक्षकांनी बोट खाली नेलं. 'होडीवरील इतर सामान : नांगर एक, दोर दोन, बादली एक, पती एक.'

सामान म्हटलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बादलीच्या नंतर?